फाइल झेरॉक्सला गेली आहे

वकील बदलायचा असेल तर आधी जुन्या वकिलाला तसं तोंडाने सांगावं लागतं, हे मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर मी त्या भानगडीत पडलोच नसतो. माझी समजूत अशी होती की नवा वकील धरला की जुना आपोआप सुटतो. निदान सभ्य लोकांत तरी तसं व्हायला हवं.

माझ्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नाही, त्याला माझी नोकरी कारणीभूत आहे. मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात आहे. लोक लिहितात की नळाला आठ दिवस पाणी नाही, आणि मी उत्तर पाठवतो की आपले पत्र मिळाले, योग्य ती कार्यवाही सुरू आहे. बावीस वर्षं मी हे एकच वाक्य लिहीत आलो आहे. त्यात नकार नाही, होकार नाही आणि पाणीही नाही. असं वाक्य हातात असल्यावर माणसाला कोणाच्या तोंडावर काही बोलायची सवय राहत नाही.

पण घर घेणं भाग होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, इमारतीला लिफ्ट नव्हती आणि बाबांचे गुडघे गेले होते. बाबा म्हणजे माझे वडील, निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं ज्यांनी गावाचा अर्धा भाग रोज पायी पालथा घातला, ते चौदा महिने जिना उतरले नव्हते. मध्ये एकदा तपासणीसाठी दवाखान्याच्या दोन माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं. तिन्ही मजले बाबांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. परत वर आल्यावर म्हणाले, "पार्सल केलंत माझं. पुन्हा नको." तेव्हापासून ते गॅलरीत बसून खालच्या नव्या पोस्टमनच्या चुका काढत असत. मला ते बघवत नसे.

म्हणून जमिनीलगतचं घर शोधलं. मालक एक निवृत्त कंपाउंडर, आणि त्यांच्या बरोबरीने त्यांची मोठी बहीण. घर दोघांच्या नावावर. एका गल्लीत जरा आतल्या बाजूला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण आणि दाराला एकच पायरी. बायकोने अंगणात उभं राहून बोटाने जागा दाखवली आणि म्हणाली, "बाबांची खुर्ची इथे." बस्स, घर ठरलं. ताईंनी मात्र मुदत घातली. सहा महिन्यांत खरेदीखत झालं नाही तर घर फरशीवाल्याला. त्याला तिथे गोदाम करायचं होतं.

आमचे जुने वकीलसाहेब म्हणजे पंचाहत्तरीचे सज्जन गृहस्थ. त्यांची कचेरी एका शिंप्याच्या दुकानावर होती, आणि खालची मशीन सुरू झाली की वकीलसाहेबांच्या टेबलावरचा पाण्याचा पेला हळूहळू कडेकडे सरकायचा. तो पडायच्या आत ते न बघता हात लावून मागे घ्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "घर कशासाठी घेताय?" मी बाबांच्या गुडघ्यांचं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. खरेदीखतात गुडघ्यांचा काय संबंध, ते मला कळलं नाही, पण मी विचारलं नाही.

त्यानंतर साडेचार महिने मी दर आठवड्याला जात होतो आणि ते दर आठवड्याला म्हणत होते, "वाचतोय."

"साहेब, अजून किती राहिलंय?"

"वाचून झालंय. पुन्हा वाचतोय."

हे मी इमारतीत सांगितलं आणि तिथेच चूक झाली. आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. प्रत्येक वाक्याची सुरुवात ते 'अनुभवाने सांगतो' अशी करतात, म्हणून त्यांना सगळे अनुभवी म्हणतात. त्यांनी आजवर एकही घर घेतलेलं नाही, कोर्टाची पायरी चढलेली नाही, पण अनुभवाच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

"अनुभवाने सांगतो," अनुभवी म्हणाले, "वकील बदला. जो वकील दोनदा वाचतो, त्याला पहिल्यांदा कळलेलं नसतं."

हे इतकं पटण्याजोगं होतं की मी त्याच संध्याकाळी नव्या वकीलबाईंकडे गेलो. ही कचेरी काचेची होती. बाई तिशीच्या, बोलणं झपाझप. त्यांनी माझं म्हणणं दोन मिनिटांत ऐकलं आणि एका मिनिटात उत्तर दिलं. "होईल. फाइल आणा, आणि जुन्या वकिलांचं ना हरकत पत्र आणा. त्यांनी तुम्हाला सोडलं असं लिहून दिल्याशिवाय मी नोंदणीला उभी राहणार नाही. त्यांना सांगितलंत ना?"

"योग्य ती कार्यवाही सुरू आहे," मी म्हणालो.

मी जुन्या वकीलसाहेबांना सांगायला गेलो. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांची कवळी दुखत होती. दुखऱ्या कवळीच्या माणसाला आणखी दुखवणं मला जमेना, म्हणून मी अर्धा तास कवळीची चौकशी करून परत आलो. दुसऱ्यांदा घरून वाक्य पाठ करून गेलो होतो. ते ऐकण्याआधीच त्यांनी मला त्यांची मोडकी छत्री दाखवली, आणि मी ती दुरुस्त करून आणायचं कबूल करून बाहेर पडलो. वकील काढून टाकायला गेलेला माणूस त्याची छत्री घेऊन घरी येतो, हे बायकोला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. तिला ते शेवटपर्यंत समजलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

"अहो, नुसतं म्हणायचं की आम्ही दुसरे वकील बघितले," ती म्हणाली.

"नुसतं म्हणायचं, हे म्हणायला सोपं आहे."

तिसऱ्यांदा मी दुरुस्त छत्री आणि एक मोठी कापडी पिशवी घेऊन गेलो. छत्री टेबलावर ठेवली आणि खाली बघत म्हणालो, "साहेब, जरा फाइल मिळाली असती तर झेरॉक्स काढून आणली असती. घरात एक प्रत असलेली बरी."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. मग उठून कपाटातून फाइल काढली, टेबलावर ठेवली, खुर्चीत बसून काहीतरी दोन ओळी लिहिल्या, फाइलमध्ये सारल्या, आणि सगळं दोऱ्याने आडवंउभं बांधलं. गाठ मारताना म्हणाले, "सगळं बघा. खालचंही बघा." पेला कडेपर्यंत आला होता. त्यांनी तो मागे घेतला.

मी जिना उतरलो तो एखाद्या चोरासारखा. पंचाहत्तरीच्या माणसाला मी झेरॉक्सच्या नावाखाली फसवलं होतं आणि वर त्याने मला फाइल नीट बांधून दिली होती.

नव्या बाईंनी गाठ सोडली नाही, कात्रीने दोरा कापला. वरचा जाड गठ्ठा उचलला आणि तासाभरात वाचून काढला. मला अक्षरशः धन्य वाटलं. साडेचार महिन्यांचं काम एका तासात. खाली पुठ्ठ्याच्या आड आणखी एक पातळ गठ्ठा होता. बाई म्हणाल्या, "तो किरकोळ पत्रव्यवहार असेल, नंतर बघू." मीही मान डोलावली. मला घाई होती, महिनाभरच उरला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्या वतीने मालकांना एकोणीस प्रश्नांचं पत्र पाठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडरकाका माझ्या ऑफिसात आले. त्यांचा चेहरा औषधाची बाटली हातातून पडल्यासारखा झाला होता.

"हे काय आहे?" त्यांनी पत्र माझ्यापुढे धरलं. "प्रश्न चार. आवारातल्या विहिरीवर तिघा भावांपैकी कोणाचा किती हक्क आहे."

"बरं मग?"

"आमच्या घराला विहीर नाही."

"असं?"

"आणि भाऊ तीन नाहीत. मी एकटाच आहे. मी आणि ताई."

मी पत्र वाचलं. प्रश्न नऊमध्ये तिसऱ्या भावाचा सध्याचा पत्ता मागितला होता. प्रश्न बारा गोठ्याच्या भिंतीविषयी होता. मी घर पाच वेळा बघितलं होतं आणि मला गोठा दिसला नव्हता, पण सरकारी नोकरीत बावीस वर्षं काढलेला माणूस कागदावर आणि डोळ्यांवर एकदम विश्वास ठेवत नाही, आधी कागदावर ठेवतो. मी म्हणालो, "काका, वकिलांनी एवढे पैसे घेऊन लिहिलंय म्हणजे काहीतरी असेल. तुम्ही नीट आठवून बघा."

हे मी बोलायला नको होतं. काका घरी गेले आणि नीट आठवू लागले.

आठवलं ते ताईंना. सत्तरी ओलांडलेल्या ताई स्मरणशक्तीच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, "बाळ, आपल्याकडे एक मुलगा रोज जेवायला यायचा. तू पाळण्यात होतास. आई त्याला स्वतःच्या शेजारी बसवायची. तो कोण होता, हे मला कोणी कधी सांगितलं नाही."

बाळ, म्हणजे कंपाउंडरकाका, यांनी डोक्याला हात लावला. साठ वर्षांनंतर त्यांच्या वडिलांच्या चारित्र्यावर एक मोठं प्रश्नचिन्ह उभं राहिलं होतं, आणि ते माझ्या वकीलबाईंनी उभं केलं होतं. ताईंनी वडिलांची बाजू घेतली. काकांनी आईची घेतली. आठवड्याच्या शेवटी भाऊबहिणीचं बोलणं बंद झालं आणि ताईंनी जाहीर केलं की तिसरा भाऊ आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत त्या कुठल्याही कागदावर सही करणार नाहीत.

काकांनी मला घाबरून पत्र लिहिलं. तिसऱ्या भावाचा काही तपास लागला का, एवढंच त्यात होतं. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं, ऑफिसच्या वेळेत आलं, आणि समोर त्या दिवशीच्या सत्तर तक्रारी पडल्या होत्या. हात सवयीने चालला. काकांना उत्तर गेलं की आपले पत्र मिळाले, योग्य ती कार्यवाही सुरू आहे.

ते पत्र काकांनी ताईंना दाखवलं. ताईंनी ते दोनदा वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे सापडला."

इकडे काकांनी विहीर शोधायला घेतली. भावाचं काही असो, विहीर बुजवलेली असू शकते असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मी गेलो तेव्हा अंगणात कमरेइतका खड्डा होता, नेमका तिथे, जिथे बायकोने बाबांच्या खुर्चीची जागा दाखवली होती. काका आत उभे होते, हातात कुदळ. आणि खड्ड्याच्या काठावर अनुभवी उभे होते. ते तिथे कसे पोचले, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

"अनुभवाने सांगतो," अनुभवी म्हणाले, "विहीर मधोमध नसते, कोपऱ्यात असते."

काकांनी दुसरा खड्डा कोपऱ्यात घेतला.

घरी आलो तर बातमी माझ्या आधी जिना चढून आली होती. बाबा गॅलरीतून म्हणाले, "विहीर आहे म्हणे नव्या घराला. सांगितलं नाहीस. मला विहीर आवडते. काठावर बसता येतं." कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला आपणहून काही सांगितलं होतं. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

त्या संध्याकाळी मला कळून चुकलं की माझं डोकं चालेनासं झालं आहे. माझ्याजवळ दोन वकील होते, पैकी एकाला ते माहीत नव्हतं. नसलेल्या विहिरीसाठी दोन खड्डे होते. भाऊ एक होता का तीन, ते खुद्द भावाला सांगता येत नव्हतं. आणि मुदतीचे सोळा दिवस उरले होते. नव्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "कागदात विहीर आहे. विहीर दाखवा." कायद्याने ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या वकीलसाहेबांचा जिना चढलो. खाली मशीन चालू होती. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "झेरॉक्स झाली का?"

मी दारातच उभा राहिलो.

"झेरॉक्स काढायला येणारा माणूस दोन तासांत फाइल परत आणतो," ते म्हणाले, "आणि पिशवी घेऊन येत नाही. बसा. काय अडलंय?"

मी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एका वाक्यात सरळ बोललो. "साहेब, मी तुम्हाला काढून टाकलं होतं."

"माहीत आहे. ना हरकत पत्र फाइलच्या तळाशी आहे. त्याच दिवशी लिहून दिलंय. तुम्ही खालचं बघितलं नाहीत वाटतं."

मग विहिरीचं सांगितलं. खड्डे सांगितले, ताई सांगितल्या, तिसरा भाऊ सांगितला. ऐकता ऐकता वकीलसाहेबांनी कवळी काढून रुमालात ठेवली. मला वाटलं ते रडतायत. ते हसत होते.

"अहो, वरचा गठ्ठा तुमच्या घराचा नाहीच," ते कवळी परत बसवून म्हणाले. "तो शेजारच्या मोकळ्या जागेचा. विहीर तिथली, गोठा तिथला, भाऊ तिथले. तुमचं घर खालच्या गठ्ठ्यात."

"मग शेजारचे कागद तुम्ही आमच्या फाइलला का बांधलेत?"

"कारण तुमच्या घराला वाट नाही."

मी म्हणालो, "वाट आहे. मी पाच वेळा गेलोय."

"तुम्ही गेलात, कंपाउंडर साठ वर्षं जातायत. गल्लीपासून फाटकापर्यंतचा पट्टा शेजाऱ्यांच्या जागेतला आहे. ओळखीचा माणूस जातो तोवर कोणी अडवत नाही. उद्या घर तुमच्या नावावर झालं आणि शेजाऱ्यांनी तिथे भिंत घातली, तर वडिलांना घरात कुठून नेणार? त्या तिघा भावांनी वापराचा हक्क लिहून द्यायला हवा. दोघांनी दिलाय. तिसरा परगावी असतो. चार पत्रं पाठवली त्याला. उत्तर नाही."

"हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"

वकीलसाहेबांनी पेला मागे ओढला. तो कडेला आलाही नव्हता. "तुम्ही पहिल्याच दिवशी वडिलांचं सांगितलंत. त्या माणसाला जाऊन सांगायचं की घर आहे पण वाट नाही. माझ्याने होईना. म्हटलं, वाट करूनच सांगावं."

म्हणजे साडेचार महिने त्यांना मला एक गोष्ट सांगायची होती आणि ते म्हणत होते, वाचतोय. आणि महिनाभर मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि मी छत्र्या दुरुस्त करत होतो. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, जवळचा नातेवाईक भेटल्यासारखं वाटलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं ते बाबांनी ऐकलं. बाबांना ऐकू कमी येतं, पण पत्र हा शब्द कुठेही उच्चारला तर येतो.

"चार पत्रं गेली?" त्यांनी विचारलं. "परत एकही आलं नाही?"

"नाही."

"मग माणूस त्या पत्त्यावर आहे. नसता तर पत्र परत आलं असतं. पाकिटावर वकिलाचा शिक्का असेल?"

"असणारच."

"म्हणजे त्याने उघडलेलंच नाही. वकिलाचं पाकीट घेताना मी चौतीस वर्षं लोकांचे चेहरे बघितलेत. सही करून घेतात आणि फळीवर ठेवून देतात. सूनबाई, पोस्टकार्ड आहे का घरात? पोस्टकार्ड न वाचता ठेवून देणं माणसाला जमत नाही."

बायकोने कुठूनतरी एक पोस्टकार्ड काढलं. बाबांनी ते मांडीवर पाटी घेऊन लिहिलं, आणि मला वाचू दिलं. पोस्टकार्डच होतं म्हणा. 'मी निवृत्त पोस्टमन आहे. गुडघे गेले आहेत. मुलगा तुमच्या शेजारचं घर घेतो आहे. गल्लीपासून फाटकापर्यंत तुमची जागा आहे. तेवढं चालायची परवानगी असावी. दावा वगैरे काही नाही.' खाली सही, आणि आमचा पत्ता तिसऱ्या मजल्यापर्यंत सविस्तर. तिसऱ्या भावाचा पत्ता वकीलसाहेबांनी दिला.

मी नव्या बाईंनाही सगळं सांगितलं. त्या आधी लाल झाल्या. मग खालचा गठ्ठा काढून उभ्या उभ्या वाचला. शेवटी म्हणाल्या, "हे मला सुचलं नसतं." मग लगेच म्हणाल्या, "पण पोस्टकार्डाने काही होणार नाही. मी परवा स्वतः जाऊन येते."

त्यांना जावं लागलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी दारात एक किरकोळ म्हातारे गृहस्थ उभे राहिले. जिना चढून धापा टाकत होते. त्यांच्या हातात आमचं पोस्टकार्ड होतं आणि काखेत चार बंद पाकिटं.

"पोस्टमन कोण?" त्यांनी विचारलं.

बाबांनी गॅलरीतून हात वर केला.

तिसरे भाऊ बाबांच्या समोर स्टुलावर बसले. म्हणाले, "मला वाटलं, भावांनी दावा लावला. वीस वर्षं आमचं बोलणं नाही. म्हणून उघडली नाहीत." पाणी प्यायले, पोस्टकार्ड उलटसुलट केलं. "शेजारचं घर म्हणजे कंपाउंडरचं ना? त्याच्या आईने मला दोन वर्षं जेवायला घातलं. आमची आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. रोज ह्याच वाटेने जायचो. तिथे चालायला कोणी माझी परवानगी मागावी, याचीच मला लाज वाटली. कुठे सही करायची?"

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. बायको पदराने डोळे पुसत बाहेर आली आणि भांडं मीच पाडलं असल्यासारखी माझ्याकडे बघू लागली.

सही कुठे करायची हे वकीलसाहेबांना माहीत होतं, पण त्यांच्या वेगाने तो कागद पुढच्या वर्षी तयार झाला असता. बाईंनी तो दोन तासांत केला. मजकूर वकीलसाहेबांनी सांगितला, टाइप बाईंनी केला, आणि 'पायी' या शब्दापुढे 'अथवा खुर्चीतून' असं बाईंनी आपणहून घातलं. त्या दिवशीच ताईंना निरोप गेला की जेवायला येणारा मुलगा सापडला आहे आणि तो खरोखरच शेजाऱ्यांचा आहे. ताई तडक अंगणात आल्या, खड्ड्यातल्या भावाला म्हणाल्या, "बाळ, वर ये," आणि वडिलांच्या चारित्र्याचा प्रश्न तेवढ्यावर मिटला.

नोंदणी कार्यालयात शेवटची आडकाठी आली. मुदतीचा शेवटचा दिवस होता. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज बघितला आणि म्हणाला, "वकिलांचा रकाना एक आहे. तुम्ही नावं दोन लिहिलीत."

"दोघेही आमचेच आहेत," मी म्हणालो.

"असं चालत नाही."

"मग काय करायचं?"

"अर्ज ठेवून जा. योग्य ती कार्यवाही होईल."

हे वाक्य कसं लिहायचं, ते मला ठाऊक होतं, पण खिडकीच्या अलीकडून ते कसं लागतं हे बावीस वर्षांत कळलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही." आवाज इतका मोठा निघाला की मागच्या रांगेतले दोघे बाजूला झाले. "नाही. मी हे वाक्य रोज लिहितो. त्याचा अर्थ मला माहीत आहे. काय करायचं ते आत्ता सांगा."

कारकुनाने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "कुठल्या खात्यात?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आधी सांगायचं ना. एक वकील साक्षीदारात घाला." वकीलसाहेबांनी आपलं नाव खोडलं आणि साक्षीदाराच्या रकान्यात सावकाश लिहिलं. सही करण्याआधी त्यांनी तो कागद दोनदा वाचला. बाईंनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

राहायला जायच्या दिवशी अनुभवींनी खुर्ची आणली होती. बाबा म्हणाले, "पार्सल नको." मग ते स्वतः उतरले, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. प्रत्येक मजल्यावर ते टेकले, आणि बायको पुढे, मी मागे. पाऊण तास लागला. मी मागून त्यांच्या मानेकडे बघत होतो. त्यांचे डोळे उघडे होते.

नव्या अंगणात त्यांनी आधी विहीर मागितली. मी त्यांना दोन्ही खड्डे दाखवले. त्यांनी आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "पाणीपुरवठ्यात नोकरी करतोस ना तू?" मी मान खाली घातली. पण त्यांचं लक्ष खड्ड्यांत नव्हतं, फाटकाबाहेर होतं.

"ही वाट आपली?"

"आपली नाही, बाबा. वापरायचा हक्क आहे."

"कितीदा?"

"कितीदाही."

"मग वापरतो," ते म्हणाले. काठी घेतली आणि फाटकातून बाहेर पडले. गल्लीपर्यंत सात पावलं होती, ती त्यांनी मोजून घेतली. तिथे कोपऱ्यावर उभं राहून त्यांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, सम क्रमांकाची घरं कुठल्या बाजूला येतात ते पाहून घेतलं, आणि परत आले. मग पुन्हा गेले. आम्ही सामान आत नेत होतो आणि ते जात-येत होते. संध्याकाळी बायकोने खुर्ची अंगणात आणून ठेवली, पण तोवर त्यांना बसायला सवड झालेली नव्हती.